धुळाच्या चाकूची कमान

“आण्णा, तुमचा चाकू आपल्या आपण मिटतोय की!”

चौदा वर्षं झाली त्या आवाजाला. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस होते, दुकानापुढून माणसांचा लोंढा वाहत होता, आणि त्या लोंढ्यातून मान वर काढून, खांद्यावरचं घोंगडं सावरत धुळा धनगर ओरडला होता. तक्रार होती, पण आवाजात तक्रार नव्हती. एखादं कोकरू दावं सोडून पळतं म्हणून कुणी हसत सांगावं, तसा तो सांगत होता. चनबसप्पानं ऐरणीवरून मान वर केली नाही. “पुढच्या बाजाराला आण रे. कमान बदलून देतो,” एवढं म्हणाला, आणि भाता ओढू लागला.

पुढच्या बाजाराला धुळा आला नाही.

चनबसप्पा कंबाराचं, म्हणजे कानडी लोहाराचं, दुकान मंगळवार पेठेच्या मागल्या गल्लीत. दुकान कसलं, पत्र्याची पडवी, एक ऐरण, एक भाता, आणि भिंतीला कानशींची ओळ. बाप अक्कलकोटाकडून आला तेव्हापासून त्या घरात घडीचे चाकूच होत. विळे-खुरपी करणारे गल्लीत दहा होते. मिटणारा चाकू करावा तर कंबारानं, असं बाजारला येणारी माणसं म्हणत. मेंढीच्या शिंगाची मूठ, हाताच्या चार बोटांएवढं पातं, पात्याच्या पाठीला नख अडकवायला बारीक खाच, आणि मुठीच्या पोटात कमान. चाकूचा जीव त्या कमानीत. पातं उघडलं की कमान त्याला पाठीमागून रेटून धरते, मिटलं की आत दाबून ठेवते. कमान ताठ असली तर चाकू शहाणा. ती मऊ पडली की पातं लहान पोरासारखं, कधी कुठं पडेल सांगता येत नाही.

ते साल पहिल्या मोठ्या लढाईचं होतं. विलायतेचं पोलाद बाजारातून उडालं होतं. धुळाच्या चाकूला कमान घालायची तेव्हा घरात पोलादाचा तुकडा नव्हता. गिरणीत कापसाच्या गाठींना आवळतात ती लोखंडी पट्टी मात्र रस्त्यावर पडलेली मिळे. चनबसप्पानं तीच कापली, तीच तापवली, तिला पाणी दिलं. पट्टीच ती, पाणी पिऊन ताठ व्हायची तिची जात नव्हती. हे त्याला ठाऊक होतं. चार महिने धकेल, मग बदलू, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं.

पुढचा बाजार यायच्या आधीच, एके दिवशी धुळा मेंढीचं वाढलेलं खूर साळत होता. मेंढीनं पाय झाडला, पातं मिटलं, उजव्या हाताच्या दोन बोटांवर बसलं. जखम फार मोठी नव्हती. हळद दाबली, चिंधी बांधली, आणि मेंढरांमागं गेला. अकराव्या दिवशी त्याची दातखीळ बसली. अंग धनुष्यासारखं वाकलं. बाराव्या दिवशी माळावरच त्याला माती दिली.

पुढल्या वर्षी गड्ड्याला त्याची बायको गोजाबाई दुकानापुढं येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं, हाताला सात वर्षांचा गुंडा, काखेत नवं काळं घोंगडं. घोंगडं तिनं चनबसप्पाच्या पायरीवर ठेवलं.

“धन्यानं बोललं हुतं, आण्णाला एक द्यायचं हाय म्हून. त्यांचा शबुद ऱ्हायला हुता.”

चनबसप्पानं हातातली कानस खाली ठेवली. “ते कसं... कसं झालं गं?”

“कसं हुतंय? धन्याचंच चुकलं. ध्यान न्हाय, काय न्हाय. चाकू का आपल्या मनानं मिटतोय व्हय?” तिनं पदरानं नाक पुसलं. “तुमी नका जिवाला लावून घेऊ. तुमच्या हाताला काय दोष न्हाय, आण्णा.”

त्या वेळी सांगायला हवं होतं. जीभ उचलली असती तर चार शब्दांचं काम होतं. चनबसप्पानं घोंगडं उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, “बस. पाणी पी.”

त्या पाण्याबरोबर ते चार शब्द खाली गेले ते गेलेच. दर वर्षी गोजाबाई यायची, कधी लोकरीची सुतळी घेऊन, कधी नुसती पोराला दाखवायला. त्याला आण्णा म्हणायची, भाऊबीजेला त्याच्या नावानं दिवा लावते असं सांगायची. आणि दर वर्षी, कुठून तरी बोलण्यात, “धन्याचंच चुकलं” हे यायचं. ते ऐकताना चनबसप्पा हातातली कानस उगाच उलटी-सुलटी करायचा.

चाकू त्यानं सोडले नाहीत. सोडून खाणार काय? पण मूठ जुळवताना प्रत्येक वेळी त्याची बोटं पात्याखाली आपोआप आखडायची. मग एका उन्हाळ्यात त्यानं खटका काढायचा ध्यास घेतला. पात्याच्या बुडाशी खाच, कमानीच्या टोकाला दात. पातं पूर्ण उघडलं की दात खाचेत बसतो: खट! मग वरून मेंढी नाचली, बैल नाचला, तरी ते मिटायचं नाही. मुठीच्या पाठीवरची बारकी कडी वर ओढली तरच दात सुटतो आणि पातं आत जातं. तीन महिने लागले. पहिले चार मोडले. पाचवा बसला तेव्हा त्यानं आपलीच बोटं पात्याखाली धरून, पाठीवर हातोडीचा दांडा मारून बघितला. बायको दानम्मा दारातून बघत होती. ती किंचाळली. चाकू हलला नाही.

असले चाकू त्यानं फार केले नाहीत, आणि उघड मांडले तर कधीच नाहीत. चौकीवरच्या माणसांचा हिशेब सरळ असे. मिटतो तो चाकू भाजीचा, फळाचा, बिडीवाल्याचा. उघडून अडकतो तो भोसकायचा. बाजारात कुणाच्या कमरेला घडीचा चाकू दिसला तर हवालदार पातं दाबून बघायचा. मिटलं तर “जा.” नाही मिटलं तर “चल.”

गुंडा सतरा वर्षांचा झाला, बापाची मेंढरं एकटा राखू लागला, तेव्हा चनबसप्पानं त्याला दुकानाच्या आत नेऊन एक खटक्याचा चाकू हातात दिला. काळ्या शिंगाची मूठ, तिला पितळेची टिकली.

“हे घे. खूर साळताना हाच वापर, दुसरा धरलास तर बघ. आणि कुणी केला ते कुणाला सांगायचं नाही. माझं दुकान उठंल.”

गुंडानं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, चिमूटभर पिवळं कपाळाला लावलं. “बिरोबाची आण. मान गेली तरी नाव घ्यायचा न्हाय, मामा.”

“एवढी आण कशाला रे घालतोस?”

“मग तुमी सांगताय कशाला?” म्हणून पोरगं हसलं. हसणं बापाचंच.

*

शहरानं मार्शल लॉ बघितल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हाचे गोरे शिपाई गेले, पण धास्ती गेली नव्हती. त्या वैशाखात पुन्हा कुठं सभा, कुठं धरपकड सुरू झाली, आणि एका सकाळी पेठापेठांतून हलगी वाजत गेली. मॅजिस्ट्रेटसाहेबाचा मनाई हुकूम: शहराच्या हद्दीत तलवार, गुप्ती, भाला, लाठी, सुरा, चाकू घेऊन कुणी फिरायचं नाही, पाच माणसांनी जमायचं नाही. दवंडीवाला “चाकू” म्हणाला तेव्हा गल्लीतली दोन-चार माणसं चनबसप्पाच्या दुकानाकडं बघून हसली.

संध्याकाळी हवालदार आला. तोंडात पान, हातात कागद.

“काय कंबार, धंदा बसला की तुमचा!”

“भाजी चिरायला काय दातानं चिरायची का साहेब आता?”

“घरात चिरा की. रस्त्यात कशाला चिरताय?” हवालदार आपल्याच बोलण्यावर हसला आणि कागद पुढं केला. “सही करा. खटक्याचे चाकू आपण करत नाही, केले नाहीत, विकले नाहीत. सगळ्या लोहारांची घेतोय. खोटं निघालं तर मात्र दुकानाला टाळं, आणि तुम्ही आत.”

चनबसप्पानं कानडी अक्षरात सही केली. हवालदार गेल्यावर त्यानं कोनाड्यातले उरलेले दोन खटक्याचे चाकू काढले, ऐरणीवर ठेवले, आणि दातावर छिन्नी ठेवून घाव घातला. दोन्ही कमानी तुटून मातीत उडाल्या.

दवंडी शहरात फिरली. वेशीबाहेर फिरली नाही. मंगळवेढ्याकडच्या माळावर, जिथं माणसापेक्षा मेंढरं जास्त, तिथं कोण हलगी घेऊन जाणार? तिथं त्याच आठवड्यात गुंडाला हळद लागली.

*

मंगळवारी दुपारी गोजाबाई आली. हात कोपरापर्यंत पिवळे, लुगड्याला हळदीचे डाग, पाय धुळीनं पांढरे. पायरीवर बसली. दानम्मानं तांब्या पुढं केला तर नुसती बघत राहिली.

“काय झालं, गोजाबाई? आज तू हितं कशी? लग्न उद्या ना?”

“लगीन उद्या, गोरज मुहूर्ताला,” ती म्हणाली. “आन नवरा चौकीत.”

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. नवरी राजाबाई अक्कलकोट रस्त्यावरच्या गावची. म्हणजे वऱ्हाडाला सोलापुरातनं जाणं आलं. काल घरी हळद लागली, पहाटे दोन गाड्या जुंपल्या. हळदीच्या नवऱ्याच्या हातात लोखंड लागतं. अंगाला हळद लागल्यापासून डोक्यावर अक्षता पडेपर्यंत ते हातातनं सोडायचं नाही, खाली ठेवायचं नाही, टोकाला लिंबू टोचायचं, म्हणजे वाटेत दीठ लागत नाही, वारं लागत नाही. पाटलाच्या घरात कट्यार असते. धनगराच्या घरात कुठली?

“म्या म्हनलं, मेंढरं राखाया आण्णानं तुला जो चाकू दिला त्योच धर. म्याच लिंबू टोचलं, आण्णा. ह्या हातानं. गानं बी म्हनलं.”

आणि ती तिथंच, पायरीवर, डोळे कोरडे ठेवून पुटपुटली, जसं दळताना आपोआप तोंडातून जातं:

“हळदीचा नवरा माझा, हाती लोखंडाचं पान,
टोकावर लिंबू डुले, दिठी, तुझी मोडीन मान.”

नाक्यावर पोलिसांनी गाड्या थांबवल्या. मुंडावळ्या बांधलेला नवरा बघून आधी हसले. मग उघडं पातं दिसलं. हवालदार म्हणाला, मिटव. गुंडा म्हणाला, अक्षता पडेपर्यंत मिटत न्हाय. हवालदारानं मूठ हिसकली, लिंबू घरंगळत बैलांच्या पायात गेलं. पातं दाबून बघितलं. नाही मिटलं.

“म्हनला, हे शस्तर हाय. म्हनला, कुनी केलं ते नाव सांग. पोरगं तोंड उघडंना. म्याच सांगनार हुते, तर मला बी बिरोबाची आण घातली त्यानं, लोकांदेखत. आता माजी जीभ बी बांदली.” तिनं पदराच्या गाठीतून एक लिंबू काढलं. धूळ लागलेलं, एका जागी भोक पडलेलं. ते तिनं तळहातावर ठेवलं. “म्या काय तुमाला चला म्हनाया आले न्हाय, आण्णा. एक वकील भेटला झाडाखाली. त्यो म्हनला, कामाचं हत्यार हाय असं करनाऱ्यानं येऊन सांगितलं, खटका कशापायी हाय ते सांगितलं, तर सोडतील. न्हायतर सा म्हैने. एवढंच. तुमच्या कानावर घातलं.”

 भात्याच्या तोंडाशी राख होती, तिच्यात एक निखारा अजून डोळा मिटून उघडत होता.

“येक इचारू का?” गोजाबाई म्हणाली. “तुमी त्यो खटका कशापायी केला वो? बाकीच्या चाकवास्नी तर नसतोय.”

चनबसप्पाला वाटलं, हेच ते. इतकी वर्षं ही बाई इथं येते ती हे विचारायलाच येत होती, आज तिला सापडलं. पण तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. तिला नुसतं उद्या कोर्टात काय बोलतात ते समजून घ्यायचं होतं.

“असाच,” तो म्हणाला. “नवी तऱ्हा म्हणून.”

“बरं,” म्हणाली. लिंबू परत गाठीत बांधलं आणि धर्मशाळेच्या वाटेला लागली.

ती गल्लीच्या वळणाआड गेली तशी दानम्मा उठली. मग तिनं तांब्यातलं न प्यालेलं पाणी रस्त्यावर फेकलं.

“नवी तऱ्हा!”

“तू गप्प बस.”

“मी बसते. मी चौदा वर्षं बसलेच की. तुम्ही झोपेत ‘मिटतोय, मिटतोय’ म्हणून हात झाडता, तेव्हा बी मी गप्पच बसते.”

“सही केलीय मी, दानी. कागदावर. उद्या जाऊन म्हणू, तो कागद खोटा, चाकू माझा? टाळं लागंल. मग तू काय खाणार, माती?”

“बेडा, मला कागदाचं सांगू नका,” दानम्मा म्हणाली. नको म्हणायचं झालं की ती कानडीतच म्हणायची. “कागदाला तुम्ही भीत नाही. हवालदाराला भीत नाही. त्या बाईला भिता. त्या खटक्याचं कारण सांगायला गेलं की त्या पट्टीचं सांगावं लागतंय, म्हणून भिता.”

 बघायला गेलं तर तिनं काही चुकीचं म्हटलं नव्हतं.

*

बुधवारी तो कोर्टात गेला. बोलायला नव्हे, नुसता बघून येतो, असं स्वतःला सांगत गेला. खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून, दुसऱ्यांच्या पागोट्यांआड उभा राहिला. पुढल्या बाकाजवळ जमिनीवर गोजाबाई बसली होती. तिचे हात अजून पिवळे होते.

गुंडाला आणलं. मुंडावळ्या काढून घेतल्या होत्या, कपाळावर त्यांचा दोरा घासल्याची लालसर रेघ होती. गालावरची हळद घामानं ओघळून वाळली होती. पोलिसांच्या बाजूचा वकील उठला, त्यानं टेबलावरचा चाकू उचलला, नख अडकवून पातं उघडलं.

खट.

खोलीभर तो आवाज गेला. चनबसप्पाची पाठ भिंतीला चिकटली. कुठल्याही बाजारात, कुठल्याही गोंगाटात, डोळे बांधून त्याला हा आवाज ओळखता आला असता. कमानीचा दात किती तिरपा घासला होता, कुठल्या दुपारी घासला होता, तेही.

“साहेब, हे बघा,” वकील म्हणाला, आणि पातं टेबलाच्या कडेवर दाबलं. “मिटत नाही. भाकरी-कांदा कापणाऱ्याला असं पातं कशाला लागतं? मारताना मिटू नये म्हणून हा खटका. ह्याचा दुसरा उपयोग मला तरी सुचत नाही.”

साहेब तसा रागीट नव्हता. चष्मा पुसत त्यानं गुंडाला विचारलं, “लग्नाचा रिवाज मला माहीत आहे. साधा चाकू असता तर ताकीद देऊन सोडला असता तुला. हा कुणी केला?”

“आण हाय, साहेब.”

“कुणाची?”

“देवाची.”

“आणि त्या करणाऱ्याला देव नाही का? तो का येत नाही?”

गुंडानं मान वर केली. खोलीवरून त्याची नजर फिरली, पागोट्यांवरून, भिंतीवरून, आणि चनबसप्पावर येऊन एक क्षण टेकली. तक्रार नव्हती तिच्यात. ती तशीच पुढं सरकली, जणू भिंतीला टेकून कुणी उभंच नव्हतं.

“त्येला म्हायती नसंल, साहेब,” गुंडा म्हणाला.

चनबसप्पानं सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. पाऊल उचलायचं होतं. उचललं असतं तर चार पावलांवर गोजाबाईची पाठ होती. ती वळली असती, “आण्णा आलं!” म्हणाली असती, तिचा चेहरा उजळला असता, आणि मग त्याच चेहऱ्याकडं बघून त्याला पुढचं सांगावं लागलं असतं. पाऊल उचललं नाही.

साहेबानं कागदावर काही लिहिलं. करणाऱ्याचा शोध घ्या म्हणाला. शुक्रवारी पुन्हा.

“साहेब, आज गोरजाला लगीन हाय वो त्याचं!” गोजाबाई ओरडली. शिपायानं तिला गप्प केलं.

गोरज मुहूर्ताला चनबसप्पा दुकानात बसून होता. उन्हं कलली, गल्लीतनं कुणाच्या तरी म्हशी गेल्या, धूळ उडाली, तांबडी झाली, काळी झाली. दानम्मा दिवा लावायला आली तर भाता थंड, ऐरण थंड, आणि हा ऐरणीवर हात ठेवून बसलेला.

*

गुरुवारी दानम्मा भाकऱ्या बांधून धर्मशाळेत गेली. परत आली ती पायातली वहाण न काढता उंबऱ्यावर बसली.

“लागलं लग्न,” म्हणाली.

“कुणाचं?”

“राजाबाईचं. हळद लागलेली पोरगी तशीच ठेवत नाहीत म्हणे. मुहूर्त टळायला नको म्हणून तिथल्या तिथं तिच्या मामाच्या पोराशी, येडूशी, लावून टाकलं. दोन बायका केलेला माणूस तो. वऱ्हाडाच्या गाड्या सकाळीच परत गेल्या. गोजाबाई एकटी राहिलीय.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. मला म्हणाली, आण्णांनी जेवण टाकलं नसंल ना? त्यांच्या जिवाला लई लागतंय, त्यांस्नी सांगा, तुमचा काय दोष न्हाय.” दानम्माचा आवाज फुटला. “ती मला असं म्हणाली. आणि मी तिच्यापुढं भाकरी ठेवून बसले होते, तोंड घेऊन!”

चनबसप्पा उठला. कोनाड्यात मागं, जुन्या कानशींच्या ढिगाखाली एक फडकं होतं, ते काढलं. फडक्यात काळी पडलेली मूठ आणि गंजलेलं पातं. धुळाचा चाकू. माती दिल्यावर कुणीतरी तो दुकानात आणून टाकला होता, मोडीत घाला म्हणून. तो त्यानं मोडीत घातला नव्हता. मुठीच्या पोटात ती पट्टी अजून होती, आणि पट्टीवर गिरणीच्या ठशाचं अर्धं अक्षर.

दानम्मानं बघितलं.  उठून आत गेली, आणि त्याचा धुतलेला सदरा आणून खुंटीवर लावला.

*

शुक्रवारी कोर्टात माणसं कमी होती. गुंडाची हळद पुसून गेली होती, कानामागं तेवढी राहिली होती. गोजाबाई त्याच जागी बसली होती. पोलिसांचा वकील उभा राहून सांगत होता की करणाऱ्याचा तपास लागला नाही, शहरातल्या सगळ्या लोहारांनी लिहून दिलंय.

“मी लिहून दिलेलं खोटं आहे, साहेब.”

आवाज आपला आहे हे चनबसप्पाला उशिरा कळलं. पागोटी बाजूला झाली. गुंडानं दचकून वळून बघितलं आणि मान हलवली, नको, नको, असं. शिपायानं दंड धरून चनबसप्पाला पुढं आणलं. नाव, जात, पेठ, धंदा. त्यानं सांगितलं. टेबलावरचा चाकू त्याच्यापुढं सरकवला.

“हा तू केलास?”

“हौदु... व्हय, साहेब. मीच.”

“आलं, आण्णा आलं!” गोजाबाई उठून उभी राहिली. दोन्ही हात जोडले. चेहरा उजळला, अगदी त्याला वाटलं होतं तसाच. “सांगा त्यांस्नी, आण्णा. माजं पोर मारायला चाकू बाळगत न्हवतं, सांगा!”

“सांगतोय,” तो म्हणाला.

“खटका कशासाठी?” साहेबानं विचारलं. “खरं ते सांग. खोट्या कागदाचं नंतर बघू, त्यातनं तू सुटत नाहीस. पण ह्या पोराचं ह्या एका उत्तरावर आहे. खटका कशासाठी घातला?”

चनबसप्पानं सदऱ्यातलं फडकं काढलं, सोडलं, आणि धुळाचा चाकू टेबलावर नव्या चाकूशेजारी ठेवला. गंजलेलं पातं बोटाच्या टोकानं उघडलं. हात काढला. पातं आपल्या आपण, आवाज न करता, मिटून गेलं.

गोजाबाईनं मूठ ओळखली. तिचे जोडलेले हात तसेच राहिले.

साहेबाकडं बघून बोलायचं असतं, शिपायानं तसं कानात सांगितलंही होतं. पण चनबसप्पा वळला. इतकी वर्षं ज्या चेहऱ्याकडं बघायचं चुकवलं, त्या चेहऱ्याकडं बघत तो म्हणाला,

“गोजाबाई, धुळाचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच्या चाकूत गिरणीच्या पट्टीची कमान घातली होती, ती मेली होती. आणि त्यानं मला आधी येऊन सांगितलं होतं.”